लिंपलेला कॅमेरा

लोक प्रवासाला निघताना चांगला कॅमेरा घेतात. मी मुद्दाम वाईट घेतला, आणि तो आणखी वाईट व्हावा म्हणून निघण्याआधी दोन महिने खपलो.

याचा खुलासा करायला हवा. मी पुण्यात एका सरकारी कचेरीत नकाशे उतरवून काढतो. वीस वर्षं सरळ रेघेवर सरळ रेघ मारून माणसाला रेघेचा वीट येतो. त्यात आमच्या छायाचित्र मंडळातल्या गोडबोल्यांनी परदेशातून कॅमेरा आणला. त्यांच्या फोटोत डोंगरावरच्या बकरीच्या दाढीचे केस मोजता येतात. त्या कॅमेऱ्याशी बरोबरी करण्याची माझी ऐपत नव्हती, म्हणून मी उलट्या दिशेला पळालो. मंडईजवळच्या फुटपाथवर बाहुल्या आणि शिट्ट्यांच्या ढिगात मला एक प्लास्टिकचा खेळण्यातला कॅमेरा मिळाला. त्याचं भिंगसुद्धा प्लास्टिकचं होतं, पण आत रोल बसत होता आणि बारा फोटो निघत होते. मंडळाच्या दिवाळीच्या प्रदर्शनात मी या कॅमेऱ्याने काढलेले दहा फोटो लावीन, असं मी भर बैठकीत जाहीर करून टाकलं. गोडबोले म्हणाले, "वा, वेगळं होईल." पुण्यात याचा अर्थ काय होतो, ते पुणेकरांना सांगायला नको.

मग मी कॅमेऱ्याच्या मागे लागलो. फिल्मसमोर एक चौकट असते, ती करवतीच्या पात्याने कापून काढली. त्यामुळे वरच्या खिडकीतून दिसतं त्यापेक्षा बरंच जास्त फोटोत येऊ लागलं, आणि फिल्मला कडेचा आधार न राहिल्याने फोटोचे कोपरे वाकू लागले. कॅमेऱ्याच्या एका बगलेत तापल्या दाभणाने दोन भोकं पाडली, म्हणजे त्यातून उजेड आत शिरून फोटोवर पांढरे पट्टे उमटतील. भिंगाच्या कडेने व्हॅसलिन फासलं. मागचं झाकण सैल होतं, ते रबरबँडने बांधलं. बायको हे सगळं बघत होती. "बरा होता की आधी," एवढंच ती म्हणाली आणि प्रवासाला निघताना हातात पापडाची यादी दिली.

पेण

सोमवारी सकाळच्या एस.टी.ने खोपोलीमार्गे पेणला उतरलो. पेणला माणसं गणपतीच्या आधी जातात. मी गणपती होऊन महिना लोटल्यावर गेलो. गल्लीगल्लीतल्या कारखान्यांत शुकशुकाट होता. सुतळीवर रबरी साचे वाळत घातले होते, कोपऱ्यात पेंढ्याचे भारे होते आणि मूर्तिकार मंडळी वर्षातली एकमेव झोप काढत होती.

ज्यांच्याकडे माझी ओळखीची चिठ्ठी होती ते नाना मात्र जागे होते. नाना साठीचे, अंगात बनियन, कानावर बारीक कुंचला. कारखान्यात डोळ्यांची आखणी फक्त ते करतात. रंग कोणीही लावावा, डोळे नानांनीच काढायचे. मागच्या फळीवर पुढच्या वर्षाच्या चाळीसेक मूर्ती पांढऱ्याफटक बसल्या होत्या. कोणालाच डोळे नव्हते. मला तेच हवं होतं. मी कॅमेरा काढला तसे नाना म्हणाले, "नाय हो. डोळे आखल्याबिगर मूर्तीचा फोटो काढू देत नाय आम्ही. मागे ते पेपरवाले आले, त्यांना पण नाय दिला."

मी खट्टू होऊन कॅमेरा पिशवीत घालू लागलो. नानांची नजर त्याच्यावर गेली. "बघू काय हाय ते," म्हणून त्यांनी तो हातात घेतला, हलवला, आत काहीतरी खुळखुळलं. मग ते इतके हसले की त्यांच्या कानावरचा कुंचला पडला.

"याने काढता? काढा, काढा! याला कोन कॅमेरा म्हणतो!"

अशा रीतीने जे पेपरवाल्यांना मिळालं नाही ते मला मिळालं. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. तरी मी चार फोटो काढले. दुपारी नानांच्या घरी तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि पेणचा भाजलेला पापड असं जेवण झालं. पुण्यात आम्ही पापड पानाच्या डाव्या बाजूला शोभेला ठेवतो. इथे तो हातात घेऊन भाकरीसारखा मोडतात. निघताना नाना म्हणाले, "रोह्याहून परत येताना इथेच मुक्कामाला या. गुरुवारी सकाळी माझा टेम्पो खारेपाटात पेंढा आणायला जातो. मूर्ती बांधायला आमचा पेंढा तिथल्या जोमाकडून येतो. खाडी बघा, बगळे बघा. तुमच्या या डबीला काय, बगळा आणि कपबशी सारखीच."

रोहा

रोह्याला कुंडलिकेच्या काठी बसून मी नदीचा एक फोटो काढला आणि एस.टी. स्टँडवर येताना रबरबँड तुटला. झाकण धाडकन उघडलं, फिल्म भर उन्हात आली. चांगला कॅमेरावाला अशा वेळी डोक्याला हात लावतो. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. बटाटेवड्याच्या गाडीवरच्या बाईकडून सुतळी मागून कॅमेरा बांधला. तिने विचारलं, "काय हो, बिघडला?" मी म्हटलं, "नाही, सुधारतोय." ती पुढचा वडा तेलात सोडायचा थांबली आणि माझ्याकडे जरा काळजीने बघत राहिली.

मंगळवारी धाटावला गेलो. कंपन्यांची पहिली शिफ्ट सुटत होती. सायकली, स्कूटर आणि बसेसचा लोंढा रस्त्यावर आला, हवेत गोडसर, नाक चुरचुरवणारा वास होता. एका गेटसमोर उभा राहून मी कॅमेरा डोळ्याला लावला मात्र, वॉचमन काठी घेऊन धावत आला. "ओ! फोटो बंद हाय! कंपनीचा फोटो नाय काढायचा!" जवळ आल्यावर त्याने सुतळीने बांधलेला कॅमेरा पाहिला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "पोरांचा हाय काय? बरं, काढा एक. माझा पण काढा." तो ताठ उभा राहिला. शिफ्टमधून सुटलेले दोघे-तिघे थांबले आणि त्याला चिडवू लागले, "मामा, टोपी सरळ कर, बायकोला पाठवायचाय फोटो." मी फोटो काढला, आणि तो त्याला कधी मिळेल हे त्याने विचारलंसुद्धा नाही. या वस्तूतून फोटो निघतो यावर त्याचा विश्वासच नव्हता.

बुधवारी कोलाडला हायवेवरच्या हॉटेलात उसळपाव खाल्ला. कोकण रेल्वे तेव्हा नवीकोरी होती. हॉटेलचा मालक येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहत होता आणि गाडी उशिरा आली की गिऱ्हाइकांकडे दिलगिरी व्यक्त करत होता. त्याचाही फोटो काढला. कॅमेऱ्याच्या भोकांवर मी काळी चिकटपट्टी लावायचो आणि फोटोपुरती उघडायचो, पण रोह्याच्या उकाड्यात तिचा डिंक पाघळून गेला आणि पट्टी कुठेतरी पडली. मी शोधलीही नाही.

तीन दिवसांत अडवायला आलेल्यांनीही मला शेवटी फोटो काढू दिला होता आणि एकाही माणसाने माझ्या कॅमेऱ्याला कॅमेरा म्हटलं नव्हतं. मी याला कलावंताचं स्वातंत्र्य म्हणत होतो. खरं सांगायचं तर बुधवारी संध्याकाळी पेणला परतताना मला थोडं अपमानित वाटत होतं.

खारेपाट

त्या रात्री कोजागिरी होती. पुण्यात आम्ही कोजागिरीला गच्चीवर आटीव दूध पितो आणि चंद्राबद्दल चांगलं बोलतो. खारेपाटात पौर्णिमा म्हणजे उधाण. पेणच्या पश्चिमेची ही भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा सखल आहे. मधे मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधात एका ठिकाणी लाकडी फळ्यांचं दार, त्याला उघाडी म्हणतात. शेतात पाणी साचलं की ओहोटीला फळ्या उचलायच्या, ते बाहेर सोडायचं. भरतीच्या आधी फळ्या बसवायच्या आणि फटी चिखलाने लिंपायच्या. हे काम एका घराकडे असतं. त्या घराने चूक केली तर सगळ्या गावाचं भात खारं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. गुरुवारी सकाळी सातच्या सुमाराला नानांच्या टेम्पोतून मी उतरलो तेव्हा फक्त बगळे शोधत होतो. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे भांडण आहे आणि भांडणारे सगळे हयात आहेत.

बगळे नव्हते. बांधावर माणसं होती. रात्रीच्या उधाणाने बांधाला खांड पडली होती, म्हणजे बांध फुटून बैलगाडी जाईल एवढी वाट झाली होती. दाणे भरत आलेलं भात गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं होतं. घरटी एक माणूस आला होता. कोणी बोलावलं होतं असं दिसलं नाही. बायका चिखलाच्या पाट्या डोक्यावरून आणत होत्या, पुरुष खांडीत खांब ठोकत होते. आमच्या सोसायटीची गच्ची गळते, तिच्या तीन बैठका झाल्या आहेत आणि चौथीला कोरम नव्हता, हे उगाचच आठवलं.

खांडीपासून शंभर पावलांवर उघाडी होती आणि तिथे वेगळाच गोंधळ चालला होता. एक काळासावळा, सडसडीत म्हातारा फळ्यांसमोर हात पसरून उभा होता. हाच नानांचा जोमा. चार-पाच तरुण कुदळी घेऊन त्याच्यावर ओरडत होते.

"तात्या, फोड आता! बाहेर पानी खाली गेलाय. आता सोडला नाय तर भरती उलटंल!"

"फोडतो रे. पन आदी कोनीतरी बघा. नीट बघा."

"आमी बघितला ना!"

"तुमी माझी भावकी. तुमच्या बघन्याला बाळाराम काय किंमत देनार?"

त्याची बायको हिराबाय पाटी खाली ठेवून माझ्याकडे आली. परका माणूस दिसला की बायकांना बरोबर कळतं की याला सांगायला हवं. तिने सांगितलं ते असं. बाळाराम पाटलाचं शेत सगळ्यात सखल, म्हणजे सगळ्यात जास्त बुडालेलं. तो मुलीच्या बाळंतपणाला उरणला गेला होता, रात्रीच फोनवरून निरोप धाडला तर उलट निरोप आला, की बांध बांध काय सांगता, जोमाने मासे धरायला उघाडीच्या फळ्या उचलल्या असणार, पाणी तिथूनच शिरलं. येत्या रविवारी देवळात बसायचं आणि उघाडी जोमाच्या घराकडून काढून घ्यायची.

"आजेसासऱ्यापासून हाय आमच्याकडं," हिराबाय म्हणाली. "यांचा मधला बोट बघा, अर्धा हाय. याच फळीखाली गेला."

मी उघाडीकडे पाहिलं. फळ्यांच्या फटी चिखलाने लिंपलेल्या होत्या, चिखल घट्ट बसून दगडासारखा झाला होता, कुठे चीरसुद्धा नव्हती. त्याच्यावर तळहाताचे ठसे होते, एकाखाली एक, आणि प्रत्येक ठशात मधलं बोट अर्धं होतं. हिराबायच्या सांगण्याप्रमाणे चार दिवसांपूर्वी लिंपलेलं ते काम जसंच्या तसं होतं, म्हणजे फळी हललीच नव्हती. जोमाची साक्ष तिथे फळ्यांवर उमटलेली होती. आणि शेतातलं खारं पाणी सोडायचं तर ती साक्ष त्यालाच कुदळीने फोडायला लागणार होती. त्यातलं निम्मं पाणी बाळारामच्याच शेतात होतं.

तेवढ्यात जोमाची नजर माझ्या छातीवर लोंबणाऱ्या वस्तूवर गेली. तो हसला नाही. जवळ आला आणि विचारलं, "सायेब, कॅमेरा हाय?"

तीन दिवस मी या एका शब्दासाठी झुरलो होतो. तो मिळाला आणि मी कॅमेरा हाताने झाकला.

"पेणहून फोटोवाला बोलवा," मी म्हटलं.

"तो येईपतूर भरती येईल. तुमी काढा. हा चिखल नि मागचा बुडलेला भात, दोन्ही एकात आला पायजे. म्हंजे उघाडी बंद हाय नि पानी आत हाय, असा दिसंल. निंगंल ना फोटो?"

मी आयुष्यात इतकं लाजिरवाणं स्पष्टीकरण दिलेलं नाही. चिखलात उभ्या असलेल्या, रात्रीत पीक बुडालेल्या माणसांना मी सांगत होतो की हा कॅमेरा मी मुद्दाम बिघडवला आहे. यात उजेड शिरावा म्हणून मी भोकं पाडली आहेत. धूसर दिसावं म्हणून भिंगाला व्हॅसलिन लावलं आहे. यातला फोटो स्पष्ट आला तर ती माझी चूक समजली जाते.

कुदळवाल्या तरुणांनी एकमेकांकडे पाहिलं. हिराबाय म्हणाली, "असा कशाला केलाव?" याचं उत्तर मंडळाच्या बैठकीत माझ्याकडे तयार असायचं. त्या बांधावर मी कॅमेऱ्याची सुतळी उगाच घट्ट करत राहिलो.

जोमाला मात्र त्यात काही विचित्र वाटलं नाही. त्याने कॅमेरा मागून घेतला, फिरवून बघितला आणि बगलेतल्या भोकांवर अर्धं बोट ठेवलं.

"म्हंजे याला पन खांड हाय."

"हो," मी म्हटलं.

"मग बुजवायची. त्यात काय एवढा?" तो खाली वाकला, ओंजळभर निळसर चिखल घेतला, तळहातावर मळला, त्यातला खडा काढून टाकला आणि भोकांवर थापला, तसा त्यावर अर्ध्या बोटाचा ठसा उमटला. मग झाकणाच्या सांध्यावरून, सुतळीच्या खालून, अंगठ्याने ओढत ओढत चारी बाजूंनी लिंपून घेतलं. "पानी थांबतंय याने. उजेड काय पान्यापरीस जोरात येतो?"

उजेडाचा वेग मला शाळेत पाठ होता.

भिंगाचं व्हॅसलिन हिराबायने लुगड्याच्या पदराने पुसलं. तिने ते इतकं हळू पुसलं की मला माझ्या दोन महिन्यांच्या मेहनतीचं वाईट वाटायचं राहूनच गेलं. मी चावी फिरवून आतली कोरी फिल्म पुढे घेतली. मागच्या लाल खिडकीत अकरा आकडा आला. वरच्या खिडकीतून पाहिलं तर फक्त फळ्या दिसत होत्या, मागचं शेत येत नव्हतं. मागे सरकायला जागा नव्हती, मागे खाडी होती. कापलेल्या चौकटीमुळे खिडकीबाहेरचंही फोटोत येतं, हे मला माहीत होतं. किती येतं, ते मी कधी मोजलं नव्हतं. नकाशे मोजून काढणाऱ्या माणसाने!

"तात्या, मी खात्री देत नाही," मी म्हटलं. "नाही आला तर? जरा थांबा, मी पलीकडून—"

जोमाने पाण्याकडे पाहिलं. बाहेरची ओहोटी संपत आली होती. त्याने एका तरुणाच्या हातून कुदळ घेतली.

"सायेब, मी दहा मोजतो. काढलाव तं काढलाव. मंग फोडनार."

त्याने खरंच मोजायला सुरुवात केली. मी श्वास धरला, कोपर पोटाला टेकवले आणि सातला खटका दाबला. प्लास्टिकचा टिक असा आवाज झाला. जोमाने दहा पुरे केले, आणि कुदळ घातली. हाताच्या ठशांचे तुकडे पाण्यात पडले. फळ्या वर गेल्या आणि शेतातलं खारं पाणी धो धो करत खाडीत जायला लागलं.

बाराव्या फोटोला मी कॅमेरा उचललाच नाही. तो पिशवीत ठेवला आणि दुपारची भरती यायच्या आत खांड बुजावी म्हणून पाट्यांच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या हातून दर तिसरी पाटी सांडत होती. शेवटी एका म्हातारीने "सर गो बाय बाजूला, यांना जाऊ दे सावलीला" असं म्हणून मला सन्मानाने रांगेबाहेर काढलं. अकराच्या सुमाराला बांध उभा राहिला. मग सगळ्यांबरोबर भाकरी आणि सुकट खाल्ली. मला दिलेली भाकरी कोणाच्या तरी वाटणीची असणार, पण कोणाच्या ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुणे आणि परत

घरी आल्यावर न्हाणीघराला काळं कापड लावून मी रोल धुतला. बायकोने पापडांबद्दल विचारलं तेव्हा मी आतून "अकरा नंबर!" असं ओरडलो. पहिले दहा माझ्या मनासारखे आले होते. डोळे नसलेले गणपती धुक्यात विरघळले होते, वॉचमनच्या छातीवर पांढरा पट्टा होता, कुंडलिका उन्हाने जळाली होती, कोलाडचा मालक अर्धा घड्याळात शिरला होता. एरवी मी नाचलो असतो. मी अकराव्याची पट्टी दिव्यासमोर धरली.

पट्टा एकही नव्हता. कोपरे वाकले होते, वरची कड काळवंडली होती, पण मधे फळ्या होत्या, चिखल होता, अर्ध्या बोटाचा हात एकाखाली एक असा पाच वेळा होता. आणि वर, खिडकीतून मला न दिसलेल्या भागात, बाळारामचं शेत बुडालेलं होतं.

शनिवारी तीन मोठ्या प्रती काढल्या आणि रविवारी दुपारी देवळात पोचलो. माणसं खांबांना टेकून बसली होती. बाळाराम मधे बसला होता. धिप्पाड गडी, पण चार दिवस झोपला नसावा असे डोळे. जोमा कडेला उकिडवा बसला होता. मी फोटो दिला. तो हातोहात फिरला. आधी सगळ्यांनी त्यात आपलं शेत शोधलं, आणि सापडल्यावर समाधानाने पुढे दिला. बाळारामकडे आला तेव्हा त्याने तो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बोटांचे ठसे मोजत राहिला.

"हात जोमाचाच," तो शेवटी म्हणाला. "नि पानी माझ्या शेतातला."

त्याने पुन्हा एका ठशावर बोट ठेवलं.

"मग हा फोडला कोनी?"

"मीच," जोमा म्हणाला.

"कवा?"

"फोटो काढला नि लगेच."

बाळारामने माझ्याकडे पाहिलं. "सायेब, तेव्हा तुमाला ठाऊक होता का, फोटो निंगंल?"

"नाही," मी म्हटलं. "मी तात्यांना तसं सांगितलंही होतं."

बाळारामने फोटो मांडीवर ठेवला. "नि नसता निंगाला तं?" हे त्याने जोमाला विचारलं, पण आवाज भांडणाचा नव्हता.

जोमाला प्रश्न कळलाच नसावा. त्याने डोकं खाजवलं. "नसता निंगाला तं नसता निंगाला. तुझा भात बुडत होता ना."

बाळारामने फोटोवरून एकदा तळहात फिरवला. मग त्याने फोटो बंडीच्या आतल्या खिशात घातला, दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि म्हणाला, "आमोशाच्या उधानाला फळ्या लिंपायला मला हाक मार. चिखल मी मळीन."

सभा संपली. फोटो जोमाला हवा होता आणि तो बाळारामच्या खिशात गेला, हे फक्त माझ्याच लक्षात राहिलं. मी दुसरी प्रत हिराबायला दिली. तिने ती देवाजवळ न ठेवता तांदळाच्या कणगीमागे ठेवली, म्हणजे उंदीर लागणार हे नक्की. पण तिच्या मते घरात कोरडी जागा तेवढीच होती.

दिवाळीच्या प्रदर्शनात मी दहा धूसर फोटो लावले. अकरावा लावला नाही. गोडबोल्यांनी कॅमेरा बघायला मागितला. त्यांनी तो रुमालाने धरला आणि म्हणाले, "अहो, हा चिखल तरी पुसा."

तो मी पुसलेला नाही. वाळला की तडकतो, मग अंगठ्याला पाणी लावून पुन्हा ओढून घेतो. पहिल्या वेळी चुकून माझं मधलं बोट पूर्ण उमटलं, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. जोमाचा अर्ध्या बोटाचा ठसा त्याखाली गेला होता.